आधीच्या पिढीने पर्यावरणाचे इशारे दिले होते का, आणि आजची जबाबदारी कोणाची? सातारा-सांगलीकडचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृष्णाकाठच्या आणि माणदेशातल्या जुन्या माणसांच्या आठवणी आम्ही काही जण गोळा करतो. पाणी कसं होतं, माती कशी होती, कुणी काय सांगितलं आणि कुणी ऐकलं नाही, असं सगळं. त्या निमित्ताने फोनवर, व्हॉट्सॲपवर, लग्नाच्या पंगतीत तेच ते प्रश्न येतात. निम्मे नातवंडांचे असतात, निम्मे आजोबांचे, आणि दोन्हीकडचा सूर जरा भांडणाचाच. प्रश्न शक्यतो आले त्याच शब्दांत ठेवले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. तेच परत सांगायला नको म्हणून कंसात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'आधीची पिढी' म्हणजे तुम्ही नक्की कोणाला म्हणता?

साधारण १९५० ते १९९० या काळात ज्यांच्या हातात घर, रान, संस्था किंवा सरकारी टेबल होतं ती माणसं. आज ती सत्तरीच्या पुढे आहेत किंवा गेली आहेत. यात धरणाचा इंजिनिअर येतो, कारखान्याचा संचालक येतो, पाटकरी आणि वाटेकरीही येतो, आणि तीन मैलांवरून घागर आणणारी बाईही येते. वयाने ही सगळी एका पिढीची, पण त्यांच्या हातात काय होतं ते पाहिलं तर फार लांबलांबची. बहुतेक वाद हा फरक विसरल्यामुळे होतात (प्रश्न ९).

२. त्यांना खरंच आधी कळलं होतं? की आता आपणच मागाहून शहाणपण चिकटवतोय?

कळलं होतं, आणि ते छापील आहे. आपल्या भागापुरतं बोलायचं तर सगळ्यात जुना आणि सगळ्यात रोखठोक माणूस म्हणजे जोतीराव फुले. त्यांच्या घराण्याचं मूळ गाव कटगुण, खटाव तालुक्यातलं. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी मांडलंय ते थोडक्यात असं: डोंगरावरचा पालापाचोळा, शेणमूत, कुजलेली माती पावसाबरोबर खालच्या रानात यायची आणि जमिनीला कस राहायचा. जंगल खात्याने डोंगर बंद केले, गायरानं घेतली आणि हे चक्र मोडलं. उपायही त्यांनी तिथेच सांगितलेत. पलटणीतल्या आणि पोलिसातल्या रिकाम्या शिपायांकडून ताली-बंधारे असे घालून घ्या की पाणी आधी शिवारात मुरेल आणि मग ओढ्याला जाईल. तळ्यातला गाळ शेतकऱ्याला फुकट नेऊ द्या. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही सरकारी योजना आली २०१७ साली, म्हणजे १३४ वर्षांनी. कटगुणच्या पारावर त्या दिवशी कुणी हसलं असेल तर नवल नाही.

पुढे १९२० च्या दशकात दख्खनच्या कालव्यांवर इंजिनिअर मंडळी जमिनी पाणथळ होऊन पांढऱ्या का पडतात याचा अभ्यास करत होती. म्हणजे सांगली भागात उसाला उपशाचं पाणी मिळण्याच्या कितीतरी आधी हा रोग माहीत होता. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात विसापूरच्या वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमीचा पहिला प्रयोग झाला. हाताला काम द्यायचं आणि त्या कामातून माती-पाणी धरायचं, ही त्यामागची जोडणी. १९७९ मध्ये वि. म. दांडेकर (जन्म साताऱ्याचा), देऊसकर आणि देशमुख यांच्या समितीने सांगितलं, की नव्या प्रकल्पांचं पाणी बारमाही पिकांना न देता आठमाही द्या, म्हणजे तेवढ्याच पाण्यात जास्त रानं भिजतील. येरळेची गोष्ट त्यानंतरची (प्रश्न ६).

मागाहून चिकटवलेलं शहाणपणही भरपूर असतं, हेही खरं. "आम्ही तवाच म्हणलं हुतं" हे वाक्य पूर ओसरल्यावर फार स्वस्त होतं. म्हणून आम्ही कागद मागतो: ठराव, अर्ज, जुनं कात्रण. कागद नसेल तर त्या वेळी विरोधी बाजूला असलेल्या माणसाकडून दुजोरा घेतो.

३. आमचे आबा म्हणतात, "आमच्या येळंला पर्यावरण-बिर्यावरण काय न्हवतं, तरी आमीच जास्त जपलं." बरोबर आहे का?

निम्मं बरोबर आहे. कापडी पिशवी, पत्रावळ, राखेने घासलेली भांडी, चपलेला पुन्हा पुन्हा टाके हे सगळं होतं. गावात उकिरडा होता, पण तो खताचा. आज आपण ज्याला कचरा म्हणतो तो जवळपास नव्हताच. आबांनी यातलं बरंचसं केलं ते दुसरं काही मिळत नव्हतं म्हणून. स्टीलचं ताट परवडू लागलं तसं पत्रावळ गेली, आणि प्लास्टिकची पिशवी फुकट मिळू लागली तशी कापडी पिशवी खुंटीवर राहिली. २०१८ ची प्लास्टिकबंदी आली तेव्हा कापडी पिशवी शिवायची कशी हे माहीत असलेल्या बायका घरोघर होत्या, पण सवय मोडून काळ लोटला होता.

साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटेची विहीर पाहून या. छत्रपती शाहूंच्या काळातली, १७१९ ते १७२४ या दरम्यान बांधलेली. एका वेळी बारा मोटा चालवायची सोय असलेली विहीर म्हणजे त्या काळचा अवाढव्य उपसा. तरी बैल दमला की मोट थांबायची, आणि रात्रीत विहीर पुन्हा भरून यायची. वीज आल्यावर लाइट आहे तोवर उपसा सुरू. त्यात बिल हॉर्सपॉवरवर ठोक, त्यामुळे तासभर चालवा की दहा तास, खिशाला फरक नाही. माणूस तोच, विहीर तीच, रानही तेच. मोटेच्या काळात आबा काटकसरी दिसतात त्याचं बरंचसं श्रेय बैलाला जातं.

जाणूनबुजून जपलेलं काही होतं का? होतं. देवराया होत्या. फांदी तोडली तर देव कोपेल, या धाकाने का होईना, पण सह्याद्रीतली जुनी झाडी राहिली. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात या देवरायांची शास्त्रीय नोंद केली. ही गोष्ट आबांच्या बाजूने पूर्ण मांडायला हवी.

४. उसाचं खापर कोणावर फोडायचं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात उत्तर आधीच ठरलेलं असतं.

आधी त्या वेळचं चित्र लक्षात घ्या. कृष्णा डोळ्यांसमोरून वाहत होती आणि काठावरची रानं कोरडी होती. ज्वारी-बाजरीवर घर चालत नव्हतं, पोरं मुंबईला गिरणीत जात होती. मग सहकारी साखर कारखाने उभे राहिले, उपसा संस्था निघाल्या, सोसायटीचं कर्ज मिळू लागलं. उसाला गिऱ्हाईक हमखास. गारपीट, कीड, बाजार पडणं हे सगळं सोसून शेवटी काहीतरी हातात देणारं दुसरं पीक नव्हतं. आज हा प्रश्न विचारणाऱ्या निम्म्या मुलांच्या कॉलेजची फी त्याच पैशातून गेली आहे.

आता दुसरी बाजू. वाळवा तालुक्यातल्या एका आप्पांनी आम्हाला स्वतःचं रान दाखवलं. उन्हाळ्यातली दुपार होती, मळईच्या वरचा तुकडा. जमीन पांढरी फुटलेली, उन्हात डोळ्याला टोचणारी, आणि पाय टाकला की वरचा पापुद्रा पापडासारखा मोडायचा. खाली चिकट, काळपट, ओल न सोडणारा थर. आप्पा म्हणाले, "पयली धा वर्सं ऊस असा यायचा की आत शिरल्याला माणूस दिसायचा न्हाई. मंग एक कोपरा पिवळा पडाय लागला. आमास्नी वाटलं तहानलाय. आमी आनखी पानी सोडलं."

सगळी गोष्ट या शेवटच्या वाक्यात आली. काळ्या भारी जमिनीत पाण्याचा निचरा मंद असतो. वरून मोकाट पाणी दिलं की खालची पाण्याची पातळी वर येते, सोबत क्षार आणते. उन्हाने पाणी उडून जातं आणि क्षार वर राहतात. मुळांना हवा मिळत नाही, पीक पिवळं पडतं, आणि पिवळं पीक पाहून शेतकरी पुन्हा पाट फोडतो. सोडियम वाढला की मातीची घडणच बिघडते आणि जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी होते. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राचं या जमिनींवरचं काम जुनं आहे. माहिती नव्हती असं कुणाला म्हणता येणार नाही.

मग अडलं कुठे? कारखान्याला टनेज हवं होतं. सोसायटीची वसुली उसाच्या बिलातून होत होती. पाणीपट्टी एकरावर आणि पिकावर होती, किती पाणी घेतलं त्यावर नव्हती. यातल्या एकालाही शेतकऱ्याला "कमी पाणी दे" असं सांगण्यात फायदा नव्हता. म्हणून मी खापर आप्पांवर कमी आणि दरपत्रक ठरवणाऱ्यांवर जास्त फोडतो. सगळ्यांना ते पटत नाही.

वसंतदादांचं उदाहरण यात मुद्दाम घ्यावं असं आहे. सांगलीचा कारखाना उभा करणारे तेच, आणि 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा राज्याला देणारेही तेच. ऊस वाढवणारा माणूस आणि पाण्याचा इशारा देणारा माणूस एकच. पुष्कळ जणांना हे ढोंग वाटतं. मला वाटत नाही; त्या पिढीच्या कितीतरी माणसांच्या डोक्यात हे दोन्ही विचार एकदम होते, आणि निवड करायची वेळ आली की जवळची गरज जिंकायची (प्रश्न ७).

५. वडिलांनी पाणी पाजून रान खारवलं. दुरुस्तीचा खर्च आम्ही भावांनी का करायचा?

सातबाऱ्यावर नाव लागलं तेव्हा रान जसं आहे तसं तुमच्याकडे आलं. त्याच रानाच्या चांगल्या वर्षांत घर बांधलं असेल तर तेही तुमच्याकडेच आलं. हिशेब करायचा तर दोन्ही रकाने भरा.

कामाचं सांगायचं तर जिप्सम टाकून आणि धैंचा हे हिरवळीचं खत गाडून एकट्याने थोडाफार फरक पडतो, पण पाण्याची पातळी वर असेल तोवर तो टिकत नाही. सच्छिद्र पाइप साधारण तीन-चार फूट खोल घालून ते पाणी ओढ्याला काढावं लागतं, आणि ओढा बहुतेक वेळा तुमच्या रानाला लागून नसतो. मधल्या चार जणांची संमती लागते. म्हणून ही भावांची बाब फार थोडी आणि शिवाराची जास्त आहे. अपवाद एक: वरच्या अंगाच्या रानातून किंवा कालव्यातून पाझर येत असेल, तर तुमच्या वडिलांनी मोजून पाणी दिलं असतं तरी जमीन बिघडली असती. तिथे वडिलांना दोष देण्याआधी वरच्या बांधावर जाऊन या.

६. येरळेच्या वाळूचं प्रकरण काय होतं? आम्हाला शाळेत कधी कुणी सांगितलं नाही.

सांगायला हवं होतं. १९८२ च्या गिरणी संपानंतर खानापूर तालुक्यातले अनेक कामगार मुंबईहून गावी परतले. गावात दुष्काळ. त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली, डॉ. भारत पाटणकर तिच्या पुढाऱ्यांपैकी एक. या लोकांनी एक गोष्ट पाहिली: येरळेच्या पात्रातून ठेकेदाराचे ट्रक वाळू नेतायत आणि काठच्या विहिरी तळाला चालल्यात. वाळूच्या थरात पावसाळ्याचं पाणी साठून राहतं आणि सावकाश विहिरींना मिळतं. वाळू गेली की पात्र उघडं पडतं, पाणी वाहून जातं. हे सांगायला त्यांना कुठल्या परदेशी अहवालाची गरज पडली नाही.

पुढे त्यांनी जे केलं त्याला तोड नाही. ठेकेदाराचा उपसा बंद करा, आम्हाला थोडी वाळू विकू द्या आणि त्या पैशातून आम्ही बंधारा बांधतो, अशी मागणी केली. इंजिनिअर के. आर. दाते यांनी आराखड्यात मदत केली. बलवडी आणि तांदुळवाडी या गावांच्या लोकांनी बळीराजा धरण बांधलं आणि पाणी सगळ्यांना सारखं, भूमिहीनांनाही वाटा, असं ठरवलं. १९८० च्या दशकातली गोष्ट आहे ही. त्यानंतरही राज्यभर नद्यांची वाळू उपसली गेलीच. म्हणजे इशारा होता, करून दाखवलेला उपाय होता, आणि दोन्ही एका तालुक्यात राहिले.

७. एवढे इशारे होते तर लोकांनी ऐकलं का नाही?

एक कारण बहात्तरचा दुष्काळ. ज्याने खडी फोडून आणि सुकडी खाऊन वर्ष काढलं, त्याला तुम्ही "पाणी जपून वापर, वीस वर्षांनी जमीन बिघडेल" असं सांगता. तो मान डोलावतो आणि मोटर चालू करतो. त्याच्या जागी तुम्ही-मी वेगळं काही केलं असतं असं मला वाटत नाही.

दुसरं असं, की नुकसान ज्याचं होणार तो आणि फायदा ज्याचा होतोय तो, ही माणसं वेगळी होती. कालव्याच्या तोंडाशी ऊस, शेपटाकडे कोरडं. दांडेकरांच्या समितीचं म्हणणं अमलात आणायचं तर तोंडाकडच्या बागायतदाराला ऊस मोडायला सांगावं लागलं असतं, आणि मतं व कारखाने तिथेच होते.

तिसऱ्या कारणाबद्दल लोक कमी बोलतात. इशाऱ्यातला सोयीचा भाग ऐकला जातो. नागनाथअण्णा नायकवडींनी १९९३ पासून तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी चळवळ चालवली, आटपाडीला परिषदा घेतल्या. मागणी समन्यायी पाण्याची होती. उपसा योजनांचं पाणी बऱ्याच झगड्यानंतर आलं. पण 'समन्यायी' हा अर्धा भाग मागे पडला, आणि कडेगाव-खानापूरकडे टेंभू उपसा योजनेचं पाणी पोचलं तिथे उसाचे फड उभे राहायला वेळ लागला नाही.

८. सांगलीत २००५, २०१९, २०२१ ला पूर आला. नदीच्या जागेत घरं बांधणाऱ्या जुन्या पिढीचाच दोष ना?

पाऊस आणि धरणांतून सोडलेलं पाणी हे कारण वेगळं. धरणांच्या वेळापत्रकाचा वाद इथे काढत नाही. घरांपुरतं बोलू. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. एवढ्या पाण्यात जुनी सांगलीही बुडते, नवीही.

तरी फरक आहे. जुनी माणसं उंचवटा पाहून घर बांधायची आणि सखल काळं रान पिकाला ठेवायची. शामरावनगरसारख्या भागात पूर नसतानाही पावसाचं पाणी आठवडेच्या आठवडे का साठतं, ते त्या जमिनीचा जुना मालक तुम्हाला एका वाक्यात सांगेल. तोच मालक तिचे प्लॉट पाडून विकणाराही असू शकतो. इथे इशारा आणि व्यवहार एकाच माणसाच्या खिशात होते. पण बिगरशेती करून देणारी सही त्याची नव्हती. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर असते. तिच्या आत परवानगी देणारा आणि मागणारा, दोघेही बहुतेक वेळा आजच्या पिढीचे निघतात.

हरिपूरच्या पेवांचं मात्र मनाला लागतं. जमिनीखाली खणलेल्या या कोठारांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. तिथल्या मातीची पारख असल्याशिवाय हे शक्य नव्हतं. २००५ च्या पुरात पाणी आत शिरलं, हळद गेली आणि कितीतरी पेवं कायमची निकामी झाली. ज्यांनी माती ओळखून पेवं खणली त्यांच्यावर या पुराचा दोष ठेवता येत नाही.

९. माझी आज्जी कधी मोटर चालू करायला गेली नाही. तिलाही जबाबदार धरणार का?

नाही. हा प्रश्न एका मुलीने विचारला आणि त्याने आमची बरीच चर्चा सरळ केली.

आज्जीचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं. कारखान्याच्या सभासद यादीत नव्हतं, उपसा संस्थेच्या सभेला तिला बोलावणं नव्हतं. पाण्याची पाळी रात्री आली तर दारं धरायला, म्हणजे पाटाचं पाणी सरीसरीत वळवायला, मात्र ती असायची. विहीर आटली की पहिली खबर तिला, कारण घागर तिची. बहात्तरच्या कामांवर निम्म्याच्या आसपास तरी बायका दिसायच्या असं जुने मुकादम सांगतात. बांध त्यांनी घातले, बांध कुठे घालायचा हे त्यांना कुणी विचारलं नाही.

म्हणून आम्ही जबाबदारी वयावर वाटत नाही. ज्याच्या हातात पाळी ठरवणं होतं, सही होती, दर ठरवणं होतं, त्याच्याकडे ती त्या मापाने जाते. शेतमजूर आणि ऊसतोड कामगार यांच्याकडे जवळपास शून्य. पाच एकराचा मालक थोडा. संचालक, आमदार, अभियंता जास्त. हे माप आजच्या माणसांनाही लावा.

१०. कोयनेचं काय? धरण तर त्याच पिढीने बांधलं.

बांधलं, आणि त्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने चालले. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप पाटणची म्हातारी माणसं अजून तारखेनिशी सांगतात. पण इशाऱ्याच्या दृष्टीने मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांचं धरणग्रस्तांचं सर्वेक्षण, १९६९ चं. उठवलेल्या माणसांचं पुढे काय होतं हे तेव्हाच तपासून लिहून ठेवलं होतं. त्यानंतर बांधलेल्या धरणांच्या वेळीही धरणग्रस्तांना त्याच मागण्यांसाठी मोर्चे काढावे लागले.

११. हवामान बदल तर श्रीमंत देशांनी केला. आमच्या तात्यांचा त्यात काय संबंध?

फार थोडा. आजवर हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये अख्ख्या भारताचा वाटा साधारण तीन-चार टक्के आहे. त्यात तात्यांच्या पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीचा हिशेब काढण्यात अर्थ नाही. जून १९७२ मध्ये स्टॉकहोमला जगाची पहिली मोठी पर्यावरण परिषद झाली, इंदिरा गांधी तिथे बोलल्या. त्याच वर्षी पावसाने दगा दिला आणि माण-आटपाडीत माणसं खडी फोडायला बसली. तात्या त्यातले.

पण या उत्तराचा आडोसा घेऊ नका. शेरी नाल्यातून कृष्णेत जाणारं सांगलीचं सांडपाणी, फडात पेटवलेलं पाचट, तळाला गेलेली बोअर या गोष्टी अमेरिकेने केलेल्या नाहीत.

१२. माझा जन्म १९५१ चा. आम्हाला शिव्या देणारी पोरं एसीत बसून, दर वर्षी नवा मोबाइल घेऊन बोलतात. त्यांना कोण विचारणार?

काका, तुमचा राग रास्त आहे. माणशी वापर पाहिला तर शहरातल्या नातवाचा तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त निघेल. पण नातवाने नवा मोबाइल घेतला म्हणून १९८५ मध्ये तुमच्या संस्थेने केलेला ठराव बदलत नाही. दोन्ही चुका वेगवेगळ्या मोजाव्या लागतील. आणि एक विनंती: "आमच्या वेळी असं नव्हतं" इथे थांबू नका. कसं होतं, कधी बदललं, कुणाच्या सांगण्यावरून बदललं हे सांगा. पोरं ऐकतात. कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाने २०१६ च्या वॉटर कप स्पर्धेत पहिला नंबर काढला तो सगळ्या वयाच्या माणसांनी श्रमदान केलं म्हणून.

१३. जुने सगळे इशारे बरोबरच ठरले का?

अजिबात नाही. साठ-सत्तरच्या दशकात भारत उपाशी मरणार असं जगभर छातीठोक सांगितलं जात होतं. तसं झालं नाही. काही वेळा इशारा बरोबर आणि उपाय चुकीचा. डोंगर उघडे पडलेत हे खरं होतं, म्हणून सामाजिक वनीकरणात निलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प लावत सुटले. जिथे मुळात गवतच हवं होतं तिथेही झाडं लावली, आणि मेंढपाळांची चराई गेली. धनगर म्हातारे तेव्हाही सांगत होते. त्यांचं बोलणं अडाणीपणात जमा झालं.

सड्यांचंही, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळांचंही तसंच. कासच्या पठारासारख्या कातळाला सरकारी भाषेत पडीक म्हणायची पद्धत होती. २०१२ मध्ये तेच पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत गेलं. चाळकेवाडीच्या सड्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा स्वच्छ वीज म्हणून कौतुक झालं, आणि ते खोटं नव्हतं. सड्यावरच्या रस्त्यांनी आणि खोदकामाने काय गेलं याचा विचार फार उशिरा सुरू झाला. यातलं योग्य-अयोग्य मला आजही एका ओळीत सांगता येत नाही.

१४. आमच्या मामांनी १९८० मध्ये बोअरविरुद्ध भाषणं केली आणि नव्वद साली स्वतःच बोअर मारली. त्यांचा इशारा धरायचा की नाही?

धरायचा. शेजारच्या सगळ्यांनी बोअर मारल्यावर मामांची विहीर आटली असणार. न मारणाऱ्याचं पाणी मारणाऱ्याकडे जातं. भाषण खरं होतं आणि बोअरही समजण्यासारखी होती. फक्त मामा आता भाषणाची गोष्ट सांगतात आणि बोअरची गाळतात, असं असेल तर दुसरी आठवण करून द्या. मामींसमोर नको.

१५. आमच्या घरात नक्की काय झालं ते शोधायचं आहे. सुरुवात कुठून करू?

आधी कागद, मग माणूस. "आजोबा, तुम्ही पाणी का उधळलंत?" अशी सुरुवात केली तर संभाषण तिथेच संपतं. "या गटात एकाहत्तर साली काय होतं?" असं विचारलं तर तासभर चालतं.

जुन्या सातबाऱ्यातली गाव नमुना बाराची पीकपाहणी काढा. कोणत्या वर्षी कोणतं पीक, जिरायत की बागायत, पाण्याचं साधन विहीर की पाट, हे त्यात कळतं. ज्वारी जाऊन ऊस लागला ते वर्ष सापडलं की निम्मं काम झालं. कारखान्याचा शेअर दाखला, उपसा संस्थेचं पुस्तक, सोसायटीचं पासबुक ट्रंकेत असतं. घरात आज्जीला विचारा, आजोबांना माहीत नसतं. फेरफार उताऱ्यावरून वाटण्या आणि विक्री कळते. भागाचं जुनं वर्णन हवं असेल तर साताऱ्याचं १८८५ चं गॅझेटिअर आहे, त्यात आजच्या सांगली जिल्ह्याचाही बराच भाग येतो.

सांगलीकरांची एक नेहमीची अडचण: १९४९ ते १९६० या काळात जिल्ह्याचं नाव 'दक्षिण सातारा' होतं. त्या वर्षांचे कागद 'सांगली' या नावाने शोधले तर मिळत नाहीत. त्याआधीचं गाव संस्थानात होतं की ब्रिटिश हद्दीत हेही पाहा, कारण सांगली, मिरज, जत, औंध या संस्थानांची दप्तरं वेगवेगळी आहेत आणि शेजारच्या दोन गावांचे कागद दोन ठिकाणी असू शकतात.